आबांच्या हातचं मीठ

हसनाबाद, पौष वद्य पंचमी, फसली १३५०

आज सकाळी पूजा आटोपून परात घेतली आणि आबांच्या बाजेपाशी गेलो.

कालचं मनातून जात नव्हतं. शेजाऱ्याने रानडुकराच्या शिकारीतला वाटा दिला. आबा, माझे वडील, आजारपणापासून दोन घासांपुढे जात नाहीत, पण काल स्वतःहून म्हणाले, "बरगड्या तव्यावर परतून दे." मी अंगणात वेगळी चूल मांडली, करडईच्या तेलात तुकडे लाल केले, उतरवताना मीठ भुरभुरलं. एक घास घेऊन त्यांनी ताटली दूर सारली. "वरून खारट, आत अळणी. चाखलं न्हाई व्हय?"

माझ्या गळ्यात तुळशीची माळ. चाखणार कसा? कारभारीण म्हणाली, "एक दिवस काढून ठेवा की. बापापरीस मोठी हाय का माळ?" तेही खरंच. देव रागावला नसता. पण चाखून तरी ते मीठ आत गेलं असतं का? आबा स्वतः मांस करायचे तेव्हा कधी चाखत नसत. कच्च्या मांसालाच मीठ चोळून ठेवत.

म्हणून आज उरलेल्या कच्च्या बरगड्या परातीत त्यांच्यापुढे ठेवल्या, मिठाचं भांडं हातात दिलं.

"मला उठवत न्हाई, अन् कामाला लावतो," ते कुरकुरले. पण बोटांनी मीठ, लसूण, तिखट पार हाडापर्यंत चोळलं. "दुपारपर्यंत झाकून ठेव. जल्दी करू नको."

दुपारी मी फक्त परतलं. शेवटचं हाड चोखत आबा म्हणाले, "मीठ जरा जादाच झालं माझं."

ताटली मात्र सोडली नाही.