जटायूच्या चोचीतली पत्रं

एकोडी, ऑक्टोबर १९८१

रा. रा. जागेश्वरभाऊ यांस,

खुशाल मास्तरचा घरातल्या सर्वांसह (शेळी धरून) नमस्कार. भिलाईची हवा तुम्हाला चांगलीच मानवलेली दिसते, कारण तीन भाऊबीजा तुम्ही तिथून हलला नाहीत. रुखमा दरवर्षी पाटावर तुमच्या पत्रांचा गठ्ठा ठेवून त्यालाच ओवाळते. (कुंकवाने वरचं पत्र वाचता येत नाही, पण तिला ते पाठ आहे.)

तर हकीकत अशी. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत सीताहरण दाखवायचं ठरलं आणि त्यासाठी बांबूचा माणसाएवढा जटायू उभा राहिला. त्याचा मुखवटा मी करीन, असं भर बैठकीत मीच बोलून गेलो. (शाळेत हस्तव्यवसाय शिकवतो म्हणून. स्वतः कधी शिकलो नाही.) तळ्याकाठची माती आणून डोकं घडवलं, त्यावर कागदाच्या लगद्यात मेथीची पूड कालवून थर दिले. वाळल्यावर आतली माती काढली तर चोच आखूड! शेजारचे श्यामराव म्हणाले, "गुर्जी, याले मिरची देऊन पाहा." असा संताप आला की लगेच हातभर चोच लावायला बसलो. रद्दी संपलेली, रुखमा शेतावर गेलेली. तिच्या ट्रंकेत तळाशी सुताने बांधलेला गठ्ठा सापडला, तो न पाहताच पाण्यात भिजत टाकला.

चोच झाली मोठी देखणी. पण उन्हात वाळली तसे तिच्यावर निळे डाग दिसू लागले आणि एका डागात स्वच्छ वाचता आलं, 'प्रकृतीस जपावे'. आंतरदेशीय पत्र! (अक्षर तुमचंच. इतकं गिचमिड दुसऱ्या कुणाचं असणार?) वर गेरू फासला, पण भाऊ, त्या गठ्ठ्यावर तिचा किती जीव आहे ते मी पाहिलंय. खरंच फार लाज वाटते. भाऊबीज दहा दिवसांवर आली आहे.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
खुशाल

ता. क. ती सगळी पत्रं जुन्या तारखा घालून पुन्हा लिहून धाडता येतील का? मजकूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल.

आणखी ता. क. नको, ती ओळखेल. तुम्हीच या. पाटावर सख्खा भाऊ बसल्यावर ट्रंक कोण उघडतो?

दादा, हे पत्र डाकेत टाकायले यायनं माझ्याच हाती देलं. तुमचे पत्र देवघरात आहेत. त्या गठ्ठ्यात यायचेच पत्र होते, ट्रेनिंगले भंडाऱ्याले होते तेव्हाचे. यायले काही सांगू नका, सध्या न सांगता पाणी भरून राहिले. पण तीन साल कागदच ओवाळला दादा. यंदा तुम्ही या.
— रुखमा