हजेरीचा कंदील

३ मे २०१६, मंगळवार

करुणे, मोबाइलचा चार्जर इथंच विसरून तू औरंगाबादला गेलीस, हे घरात पाय ठेवल्याबरोबर कळलं. मागच्या खेपेला चष्मा विसरलीस, त्याच्या आधी एका पायातली चप्पल. एवढी शिकलीस अन् डोकं एसटीच्या शिटावर ठेवून उतरतीस. तूच म्हणली होतीस ना, आजी, नव्या घरी गेलीस की रोज फोनमधी बोलत जा, मी उतरवून काढते. मग काढ. तारीख तू टाक, मला वार तेवढा कळतो. अन् माझं बोलणं सुधारू नको.

तुझ्या भावाचा बंगला लई झकास हाय. अंबाजोगाईहून घाटनांदूरकडं जाताना माळावर दूध संघातल्या नोकरदारांनी सोसायटी केली, तिच्यातलं हे अगदी कडंचं घर. मागं जुनी खदान, पुढं बाभळी. युसूफ वडगावातल्या माझ्या दोन्ही खोल्या यांच्या न्हाणीत मावतील. न्हाणीत नळ चकचकीत हायेत अन् सगळे कोरडे. पाणी टँकरचं, येईल तवा. तुझा भाऊ जालिंदर म्हणतो, संघात दूधच येईना, जनावरं सगळी छावणीला गेली. तरी घर बांधलं म्हणून खुशीत हाय.

नातसून संघमित्रानं माझ्या खोलीला निळा पडदा लावलाय. मी म्हणले, पडदा कावून, मला कोण बगायला येणार हाय. ती हसली. पोरगी हसरी हाय. त्यांच्या यशोधरेनं, आपल्या यशूनं, तर मला आल्या आल्या शाळेत घातलं. सुटीत बाहुल्यांची शाळा भरवती अन् हजेरी घेती. माझं नाव आलं की मी हजर बाई म्हणायचं. या वयात शाळा बगायला मिळाली.

५ मे, गुरुवार

संघमित्राला आता जुने दिवे पायजेत. बुद्धपौर्णिमेला जालिंदरच्या हापिसातली माणसं येणार, तवा हॉलमधी जुन्या वस्तू दिसाव्यात असं तिचं म्हणणं. फोनमधी पुण्याची घरं दाखवली. समईत विजेचा बल्ब, कंदिलात विजेचा बल्ब, कुणी तर चिमणी उलटी टांगलेली. मी म्हणले, बाई, आमी कंदिलाला कंटाळून वीज मागितली अन् तू विजेला कंटाळून कंदील मागतीस. ती म्हणली, आजी, तुमीच चला निवडायला, मला खरं-खोटं कळत न्हाई. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

८ मे, रविवार

घाटनांदूरला जाऊन आलो. बाजाराच्या मागं गहिनीनाथ म्हणून एकाचं पत्र्याचं शेड हाय, जुन्या भांड्यांनी ठासून भरलेलं. दुष्काळ पडला की लोकांच्या घरातलं पितळ अशा शेडात येतं. ते बगून जीव जरा कसनुसा झाला, पण आमी निवडायलाच गेलतो.

त्यानं पुढं मांडलेल्या समया सगळ्या खोट्या. शंभर वर्षांच्या म्हणून सांगत हुता. मी पदराचा शेव ओला करून घासला तर तपकिरी रंग पदराला आला अन् खालून कालचं पितळ पिवळंधमक निघालं. समईला वात जिथं टेकती त्या चोचीत काजळी बसती, ती राखेनं घासली तरी कोपऱ्यात उरती. हितं काजळीचा कण न्हाई. म्हणजे दिवा कधी लागलाच न्हाई. लामणदिव्याची साखळी बगितली, कड्या साऱ्या एकसारख्या, यंत्रानं कापलेल्या. गहिनीनाथ म्हणला, मावशी, तुमी दुकान टाका. मी म्हणले, तुझं बंद पडल्यावर टाकीन.

काचेची एक हंडी मात्र संघमित्रानं काढली. मी भंगार म्हणले. तिनं उजेडात धरून काचेतले बारीक बुडबुडे दाखवले, नखानं वाजवून ऐकवली. पोरीचं खरं हुतं.

मग पार मागं, गोणपाटाखाली कंदील दिसला. टाकीला डाग देऊन देऊन ठिगळं झालेली. वात वर-खाली करायचं चाक बोटांनी झिजून गुळगुळीत. कडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, ती एकाच अंगाला खाल्लेली, म्हणजे हातात कमी अन् खुंटीला जास्त राहिलेला. मी म्हणले, या शेडात खरं जुनं असं हे एकच हाय.

गंमत बग. बाकीच्या दिव्यांना राजवाड्यातले म्हणणारा माणूस या कंदिलावर एक अक्षर बोलला न्हाई. कुणाचा म्हणून इचारलं तर तराजू पुसत बसला. घ्यायचा तर घ्या म्हणला, अन् घासाघीस न करता दिला. चोरीचा असंल, असं मला तवाच वाटलं. संघमित्रा म्हणली, आजी, तुमाला समद्यांचा संशयच येतो. येतो बाई.

१० मे, मंगळवार

काल दिवेलागणीला लाइट गेली. वायरमन बल्ब बसवायला आला नव्हता, मग मीच कंदिलात रॉकेल घातलं, काच पुसली अन् हॉलमधी टांगला. उजेड चांगला पडला, पण पिवळा न्हाई, पांढुरका. वास रॉकेलचा न्हाई, सुरुंग उडाल्यावर येतो तसा. मला तो वास ठाऊक हाय. बहात्तरच्या दुष्काळात मी वडगावच्या बाजूला सरकारी कामावर खडी फोडली हाय.

आज सकाळी कंदिलाखाली पांढरी भुकटी सांडलेली. मी संघमित्राला बोलले, झाडत न्हाईस काय. ती म्हणली, आत्ताच झाडलंय. बोटावर घेऊन बगितली. खडीचा चुरा.

१२ मे, गुरुवार

यशूच्या तळहाताला फोड आलेत. नाजूक पोरीला कुदळ धरल्यासारखे. केसांत पांढरी धूळ. मला वाटलं, संघमित्रा आमच्या माघारी तिला टँकरचं पाणी ओढायला लावती. तसं मी जालिंदरला बोलले, अन् चुकलं, कारण तिनं ऐकलं. ती रडली न्हाई, उलट मला म्हणली, तुमीच तिला दुष्काळाच्या गोष्टी सांगता, म्हणून ती दगडं फोडायचं खेळती. दोघी एकमेकींच्या हातांकडं बगत जेवलो.

मग यशूला मांडीवर घेऊन इचारलं. ती म्हणली, कंदिलातले सर हजेरी घेतात. आधी दुसऱ्यांची नावं घेतली, कुणीच बोललं न्हाई. मग माझं नाव घेतलं, तर मी हजर म्हणले.

छप्पन साली धम्म घेतला तवा माझ्या सासऱ्यानं देव्हाऱ्यातले टाक नदीला दिले. भुतंखेतं त्यांच्याच संगं गेली, असं मी आजवर समद्यांना सांगत आले. आजही तेच म्हणते. पण कंदील आज लावला न्हाई.

१४ मे, शनिवार

काल लाइट गेल्यावर तो आपणच लागला. टाकीत रॉकेल न्हाई, मी पालथा करून बगितलं हुतं.

मला ऐकू आलं, करुणे. गेंगाण्या नाकातला गडी माणूस. ज्ञानोबा म्हणला अन् थांबला. मुक्ताबाई, थांबला. चंद्रभागाबाई. ओ यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच थांबायचा. जालिंदर अन् संघमित्रा तिथंच बसलेले, त्यांना काही न्हाई. यशू मात्र मान वर करून वाट बगत हुती, आपलं नाव कवा येतं म्हणून. मी तिचं तोंड दाबून धरलं तर संघमित्रानं पोर माझ्याकडून हिसकून घेतली. माझ्याकडं अशी बगितली, जसं मी बगते दुकानदाराकडं.

आज सकाळी शेजारच्या वच्छलाबाईकडं गेले. माझ्याच वयाची, लेकाकडं राहाती. बहात्तरला ती याच माळावर खडीला हुती. कंदील म्हणल्यावर तिनं आधी दार लावलं.

म्हणली, कामाची हजेरी सांजच्याला मुकादम घ्यायचा, खदानीच्या कडंला, खुंटीला कंदील टांगून. हजेरी पुरी झाल्याशिवाय लाइन मोडू द्यायचा न्हाई. तोंडं बगायचा न्हाई, आवाज ऐकायचा. म्हणून घरी आजारी असंल त्याच्या नावाला दुसरं कुणी ओ द्यायचं, तेवढीच त्याची सुकडी, कामावर वाटायचं ते गोड पीठ, चुकू नये. आमच्याकडंबी हेच चालायचं, मला त्यात नवल वाटलं न्हाई. एका सांजेला हजेरी अर्धी झालेली अन् खदानीचा कडा लाइनीवर कोसळला. वच्छलाबाई घरी बाळंतीण. तिच्या नावाला तिची जाऊ जानकीबाई पदर ओढून हजर म्हणली. सरकारी माणसं सांगत आली, वच्छलाबाई गेली. नाव माझं हुतं अन् गेली ती, असं म्हणून ही बाई इतक्या वर्षांनी माझ्यापुढं रडली. म्हणली, भिमाबाई, नावाला काही किंमत न्हाई. जो ओ देतो, तो लाइनीत.

मुकादमबी तिथंच गाडला गेला. त्याची हजेरी तेवढी राहिली.

१५ मे, रविवार

जालिंदरच्या मागं लागले, त्यानं कंदील घाटनांदूरला नेला. गहिनीनाथाचं शेड बंद. यानं पायरीवर ठेवला अन् आला. वर मला म्हणला, आजी, तुझ्यापायी मी लोकांच्या दारात भंगार टाकत हिंडतोय.

सांजच्याला लाइट गेली. खुंटी रिकामी. तरी भिंतीवर तो पांढुरका उजेड — अन् उजेडात सावल्या. डोक्यावर पाट्या घेतलेल्या, एकामागं एक. शेवटची लहान.

यशू माझ्याजवळ बसलेली. तिची सावली तिच्यापाशी नव्हती.

संघमित्राला दाखवलं. आज तिला दिसलं. माझा हात धरला, लई गच्च. दोघींनी मिळून पोरीला अंबाजोगाईला तिच्या मामाकडं न्यायचं ठरवलं.

१६ मे, सोमवार

नेलं. उपेग न्हाई. तिथं मामाच्या घरी दिवस मावळताना पोरीनं भिंतीकडं मान वर केली अन् हजर म्हणली. इंग्रजी मिडियमचं घर, भिंतीवर पांढुरका उजेड. परत घेऊन आलो.

तिला ताप हाय. पाटी जड हाय म्हणती. अंग चेपलं तर खांदे दगडासारखे. डॉक्टर म्हणला, उन्हाचं हाय. उन्हाला समदे डॉक्टर भ्यालेत यंदा.

वच्छलाबाई येऊन गेली. तिनं सांगितलं, तिसऱ्यांदा ओ दिली की पोर इकडं दिसायची बंद होईल. तिला कसं ठाऊक, ते मी इचारलं न्हाई. या बाईचाही मला संशय येतो — आमचं घर व्हायच्या आधी या कडंच्या जागेवर कोण राहायचं, ते ती सांगत न्हाई. पण पोरीनं दोनदा ओ दिली हाय. पहिली खेळात. दुसरी आज, मामाच्या घरी, तापाच्या गुंगीत.

संघमित्रा म्हणली, मी देते तिच्या नावाची ओ. मी म्हणले, तू खडी फोडली हायेस कधी. दोन पाट्यांत रडशील. अन् पोरीची वेणी कोण घालंल. ती पाया पडायला लागली, तिला उठवलं. मला हे काम येतं, करुणे. पदर तोंडावर ओढायचा, आवाज लहान करायचा, अन् जिचं नाव हाय तिच्या आधी बोलायचं.

तवाही जमायचं. आताही —

१७ मे, मंगळवार

जमलं.

काल रात्री उशिरा उजेड परत आला, त्यानं यशोधरा म्हणलं अन् पोरीनं तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत मी हजर म्हणले. तो जरा थांबला. ओळखतो की काय, असं वाटलं. मग पुढचं नाव घेतलं. आवाजच ऐकतो बग, तोंड बगत न्हाई. असे मुकादम लई पायले.

पोरीचा ताप उतरला. सकाळी उठून संघमित्राकडं भाकरी मागितली. हाताचे फोड सुकले. सावली तिच्यापाशी हाय, दोघींनी दहादा बगितली.

माझ्या हातांना फोड. जुन्याच जागी.

१७ मे, परत

संघमित्रा खोलीत येऊन मला हाका मारती. मी हितंच हाय, पलंगावर. तिला दिसत न्हाई. निळा पडदा सारखा सारून बगती — पोरगी रडती. फोन उशाखाली हाय, त्यात बोलते. तुला ऐकू आलं तर —

आलं तर दोन गोष्टी. या घरी दिवे लागायच्या वक्ताला तुझं नाव कुणी घेतलं तर ओ देऊ नको. माझ्या आवाजात घेतलं तरी न्हाई.

दुसरं —

उजेड वाढला. भिंत न्हाई आता. माळ हाय, खदान हाय, माणसं उभी हायेत. धूळ लई. पाटी डोक्यावर — चुंबळ कुणाची तरी दुसऱ्याची —

हितं नुसती सुकडी देतात, गोड अन् कोरडी, घशात बसती. संघमित्राला सांग, दुपारी उन्हातच, खदानीच्या कडंच्या धोंड्यावर ठेवत जा. ज्वारीची भाकरी, कडक भाजलेली. करडीच्या तेलात परतलेली मिरची, लसूण बक्कळ घालून. शेंगदाण्याची चटणी वेगळ्या फडक्यात बांध. अन् भाकरी जास्तीच्या पाठव, माझ्या पुढं जानकीबाई उभी हाय, ती कधीची उपाशी —