बॉनेटखालची वायर

दादा,

आईला इस्पितळात घेऊन चाललेय, दुपारपर्यंत येईन. गाडीनंच नेतेय. ती अजून दारात उभी आहे, हे आईचं नशीब.

दोन रविवार गाडीखाली उताणी पडून मी तो अलार्म बसवला, तेव्हा गॅरेजवाला हसला होता. "ताई, हे खटारं कोण चोरणार?" चोरलंच तर बाहेरचा कुणीतरी चोरेल, असं मलाही वाटलं. आज सकाळी अलार्म बोंबलला तेव्हा हातातली कढई घेऊनच खाली धावले, तर बॉनेट उघडं आणि आत तुझं डोकं! अलार्मची वायर कुठे आहे ते मी फक्त तुला दाखवलं होतं. तीसुद्धा तुला धड सापडली नाही, दिव्याची कापून बसलास.

शिवाय कोपऱ्यावर गाडीचं गिऱ्हाईक उभं करून ठेवलेलं, आणि तोंड वर करून म्हणतोस, "तुला सांगणारच होतो." आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला न्यायचं असतं, ते कसं नेऊ? पाठुंगळी घेऊन? मला शिसारी आली तुझी. ज्या हातानं तू वायर कापलीस, त्याच हातानं काल तिला गोळ्या दिल्यास.

आई खिडकीत होती. "कोण होतं गं?" म्हणाली. मी म्हटलं, मांजर.

ओट्यावर तुझा डबा आहे. मी भरलेला नाही. आईनं भरला, भिंतीला धरून उभं राहून. म्हणाली, "मांजर उपाशी राहायला नको."

छोटी