हलक्यात हलकं

सानपाडा, नवी मुंबई
९ जून १९९५

ती. अक्कास,
सुनयनाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या कुरडया पोचल्या. निम्म्या वाटेत मोडल्या होत्या, पण यशराजने चुरासुद्धा ठेवला नाही. नववीत गेला, अजून डब्यात बोटं घालून खातो. दाजींचा गुडघा कसा आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे बरा नसणार.

आता खरी गोष्ट. ह्यांच्या डाव्या अंगठ्याला चप्पल चावली होती ती जखम होळीपासून भरत नाही. आज बरी होईल, उद्या बरी होईल म्हणत हळद लावत बसले. शेवटी मी ओढून वाशीला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर साखर निघाली, आणि वजन तर डोळ्यांनीच दिसतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की गोळ्या देतो, पण खाणं हलकं करा आणि वजन उतरवा, नाहीतर जखम वर सरकेल आणि पाय कापायची पाळी येईल. अक्का, ह्यांचं काम तुला ठाऊक आहे. कांदा-बटाटा मार्केटातला तोलणार म्हणजे सकाळपासून काट्यापाशी उभं राहायचं. पाय गेलेल्या माणसाला काट्यावर कोण ठेवणार?

डॉक्टर घाईत होते. कमी कॅलरीचं, हलकं काहीतरी खा, हलका ब्रेड मिळतो तो बघा, एवढं बोलले आणि पुढचा पेशंट आत आला. कॅलरी म्हणजे काय ते घरी आल्यावर ज्ञानेश्वरीला विचारलं. बाईसाहेब आता बारावी सायन्सला. त्याला उष्मांक म्हणतात, पाणी तापवायला लागणारी उष्णता त्यात मोजतात, असं तिने पुस्तक उघडून सांगितलं. मी मान हलवली, पण पाणी तापवण्याचा आणि जेवणाचा काय संबंध ते मला काही कळलं नाही.

दुसरं टेन्शन वेगळंच. ह्यांना ताटात वेगळं वाढलेलं चालत नाही. सासूबाईंनी लावलेलं वळण, पंक्तिप्रपंच म्हणजे पाप. पोरं खातील तेच मी खाणार, मला वेगळं वाढायला मी काय आजारी आहे का, असं मलाच विचारतात. म्हणजे ह्यांना चालेल आणि चौघांनाही आवडेल अशी एकच वस्तू मला शोधायची आहे. यशराजला भाकरी बघितली की पोटात दुखतं, ज्ञानेश्वरीला चपाती तूप लावून मऊ लागते. तुला काही सुचत असेल तर लिही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
सुनयना


रहिमतपूर
२१ जून १९९५

चि. सौ. सुनयना हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीव खाली-वर झाला. मानसिंगरावांसारखा धिप्पाड माणूस, आणि एका चपलेनं आडवा व्हायला निघाला.

पण उष्मांकाचं एवढं काय घेऊन बसलीस? उष्णता कमी करायची तर बाजरी बंद, गूळ बंद, लसणाची चटणी बंद. शाळू थंड, नाचणी त्याहून थंड. हे सांगायला सायन्स कशाला पाहिजे? तुझ्या दाजींनी मला मध्येच अडवून, डॉक्टरांची उष्णता ही नव्हे, असं सांगितलं. मग कोणती ते विचारलं तर पेपर उघडून बसले.

पंक्तिप्रपंचाचं म्हणशील तर मानसिंगरावांना माझा निरोप दे. आमच्या गोठ्यात कामाच्या बैलाला निराळी वैरण आणि भाकड गाईला निराळी, आणि त्यात आजवर कुणाला पाप लागलेलं नाही. पायात चप्पल असल्याशिवाय मोरीतसुद्धा जाऊ देऊ नकोस. अंगठ्याला काही लागलं तरी त्यांना कळत नाही असं तू मागे म्हणाली होतीस, त्याची मला जास्त भीती वाटते.

पत्र पाठवत जा, वाट बघायला लावू नकोस.
तुझी,
भागीरथीअक्का


सानपाडा
१३ ऑगस्ट १९९५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्का, सुटलं एकदाचं कोडं! आणि सोडवलं कुणी, तर ह्यांनीच.

झालं असं, की मी शाळूच्या भाकऱ्या थापत होते आणि यशराज रोज ताटावरून अर्धपोटी उठत होता. ह्यांना ते बघवेना. एका रविवारी एका तळव्यावर भाकरी आणि दुसऱ्यावर पाव घेऊन हे कितीतरी वेळ बसले. दुसऱ्या दिवशी भाकरी, चपाती, पाव आणि खारी, सगळं फडक्यात बांधून मार्केटात घेऊन गेले. गाळ्यावरची विक्री उरकल्यावर लहान काटा मांडला आणि एकेक वस्तू तोलली. बरोबरचे बाबासो साक्षीला होते. भाकरी सगळ्यांत जड, तिच्या खालोखाल चपाती, पाव त्याहून हलका, आणि खारी ठेवली तर पारडं हललंसुद्धा नाही म्हणे. घरी आले ते शर्यत जिंकल्यासारखे. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय, आणि हलकं कशाला म्हणायचं हे तोलणाऱ्याला कुणी शिकवायचं, असं म्हणत पिशवीभर खारी माझ्या हातात दिली.

मलाही पटलं. तूच आठव, तापातून उठलेल्या माणसाला आपण काय देतो? पाव-दूध, टोस्ट, खारी. भाकरी कधी देत नाही, जड पडते म्हणून. शिवाय खारीत साखरेचा कण नाही. आता सायकलवरचा पाववाला सकाळ-संध्याकाळ आमच्या बिल्डिंगखाली घंटी वाजवतो. सकाळी खारी, रात्री भाजीबरोबर पाव. पोरं एवढी खूश आहेत की भांडायची विसरली आहेत. सोसायटीतल्या बायका हसतात, हसू देत. कितीतरी दिवसांनी चौघं एकाच पंगतीला एकाच चवीनं जेवतो.

वजन अजून केलेलं नाही, पण मला चेहरा जरा उतरलेला वाटतो. अंगठा मात्र काळपट आहे. गोळ्या चालू आहेत, होईल हळूहळू.

माया आहे तशी असू दे.
तुझी,
सुनयना


रहिमतपूर
२८ ऑगस्ट १९९५

चि. सौ. सुनयना हिस,
अ. उ. आ.

वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. तोलणाऱ्याच्या घरात काट्याचंच ऐकावं. मी इथं तुझ्या दाजींनाही संध्याकाळी खारी चालू केली आहे, गुडघ्यावरचा भार तरी कमी होईल. त्यांची काही तक्रार नाही, उलट दोन जास्त मागतात.

अंगठा काळपट आहे असं तू एका ओळीत उरकलंस, ते मला आवडलं नाही. पुन्हा दाखवून या.

दसऱ्याला येणं जमलं तर ये, नाही जमलं तर पत्र तरी येऊ दे.
भागीरथीअक्का


सानपाडा
१४ नोव्हेंबर १९९५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दाजींची खारी आजच्या आज बंद कर. आधी हे वाच, मग बाकीचं.

दिवाळीत ह्यांना ताप आला आणि अंगठ्याला वास यायला लागला. डॉक्टरांकडे नेलं. वजन वाढलेलं, साखर दुपटीच्या घरात. डॉक्टर चिडले, खाता काय म्हणून विचारलं. ह्यांनी छाती काढून सांगितलं, हलक्यात हलकं खातो, स्वतः तोलून घेतलंय. डॉक्टर आधी हसले आणि मग हसायचे थांबले. खारी म्हणजे मैदा, आणि त्याच्या थराथरात डालडा. हातात हलकी लागते, पण पोटात गेल्यावर तिच्याइतकं जड काही नाही. पावही मैद्याचाच. त्यापेक्षा घरची भाकरी जड असली तरी शंभर पटींनी बरी होती, नुसतं पीठ आणि पाणी, असं ते म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, आम्ही तर औषध म्हणून ताटात रोगच वाढत होतो.

मला त्या डॉक्टरांचा राग येतो. हलकं हा काय शब्द झाला? एक वाक्य जास्त बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण राग त्यांच्यावर काढून पाय बरा होत नाही.

तेव्हापासून सगळं करून बघितलं. वाशीहून ब्राऊन ब्रेड आणला, महाग असून चौघांनी खाल्ला. ज्ञानेश्वरीने पाकीट वाचलं तर मैदाच, वर रंग दिलेला. मग कोंडा मिसळून चपात्या केल्या, त्या यशराजच्या घशाखाली उतरेनात. पुन्हा शाळूवर आले. पोरं तुकडे मोडून ताटात फिरवत बसतात, आणि ते बघितलं की हे आपलं ताट बाजूला सारतात. माझ्या पायापायी लेकरं उपाशी, म्हणतात. वेगळं वाढते म्हटलं तर ऐकत नाहीत. पोरांना ओरडावं तर त्यांचा तरी काय गुन्हा? काय शिजवावं ते आता मला खरंच कळत नाही, अक्का. चुलीपुढे उभं राहायचंच भय वाटतं.

तुझा आधार असू दे.
सुनयना


रहिमतपूर
२२ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. सुनयना हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून माझ्या हाताला काम सुचत नाही. खारी चांगली, असं मीही लिहिलं होतं ना? माझी अक्कल कुठं गेली होती? वय साठही नाही म्हणून हसशील, पण एका पत्रानं म्हातारी झाले मी.

आमचा सुधीर उद्या ट्रकबरोबर वाशीला येतोय, त्याच्याबरोबर जावळीकडची नाचणी दळून पाठवते. पिठाची उकड काढून मळ, म्हणजे भाकरी मऊ राहते आणि चिरत नाही. पहिले काही दिवस पोरं तोंड वाकडं करतील. करू देत. ज्ञानेश्वरी आणि यशराजला हे पत्र दाखव आणि मावशीनं सांगितलंय म्हणून सांग: बापासमोर हसत खायचं, रडायचं असेल तर गच्चीवर जाऊन रडायचं. आणि पायाचं बघायला मोठ्या डॉक्टरांकडे जा, थांबू नका.

देवावर आणि आमच्यावर भरवसा ठेव.
भागीरथीअक्का


सानपाडा
११ फेब्रुवारी १९९६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सुधीरने फोनवरून तुला सांगितलं असेलच, तरी मी लिहिते. पाय काढला. गुडघ्याच्या खाली.

नाचणी मिळाली होती. पोरांनी तू सांगितलंस तसंच केलं. पहिल्या दिवशी यशराजने दोन भाकऱ्या मागून घेतल्या आणि ह्यांच्याकडे बघून हसला. मला भाजी वाढायचं सुधरेना. हेही पोटभर जेवायला लागले. साखर उतरली, डॉक्टरांनी शाबासकी दिली, आणि त्याच भेटीत सांगितलं की आता साखर उतरून उपयोग नाही, पाय खालून मेलाय, उशीर केला तर जीव जाईल. इतके दिवस शोधत होतो ती भाकरी सापडली, सगळ्यांना चाललीसुद्धा, पण पाय तिच्यासाठी थांबला नाही.

ऑपरेशननंतर वॉर्डात वजन केलं. नर्सने आकडा लिहिला आणि वजन बरंच कमी झालं म्हणाली, ती बिचारी नवी होती. ह्यांनी काट्याकडे बघितलं आणि मार्केटात म्हणतात तसं म्हणाले, की घट धरा, माल कमी भरलाय. आणि हसायला लागले. शेजारच्या खाटेवरचेही हसले. मग हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घरी आणून आता दोन आठवडे होत आले. गाळेवाल्यांनी त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला, त्यांचाही नाइलाज. बाबासो येऊन बसतात. काल ज्ञानेश्वरीने पाय चेपताना सांगितलं की उजव्या टाचेलाही चिमटा काढलेला बाबांना कळत नाही. डॉक्टरांना विचारलं, तर काळजी घ्या म्हणाले. म्हणजे काय ते ह्या वेळी मी न विचारताच समजले.

आता हे जेवत नाहीत. नाचणीची भाकरी रोज करते, मऊ होते, पोरं न कुरकुरता खातात. हे मात्र खाटेवरून उठत नाहीत. पोरांना वाढ, मला भूक नाही, एवढंच. जवळ नेऊन ताट ठेवलं तर एक घास मोडतात आणि उरलेलं यशराजला बोलावून देतात. तो रडत रडत खातो, कारण टाकलं तर त्यांना वाईट वाटेल. साखर आता अगदी ताब्यात आहे, डॉक्टर खूश आहेत. मी काय करू त्या साखरेचं?

तेव्हा अक्का, आता पीठ पाठवू नकोस. कुठली भाकरी, कसं मळायचं, काही लिहूही नकोस. तू ये. तू समोर बसून घास भरवलास तर ते नाही म्हणणार नाहीत, मोठ्या मेहुणीचा मान आहे. दाजींच्या गुडघ्यामुळे अवघड असलं तरी ये. सुधीरचा ट्रक पुढच्या बुधवारी तिकडून निघतोय.

आज लोभ मागत नाही, तुलाच मागते.
तुझी,
सुनयना