सल्लागाराची सही

३ फेब्रु., मंगळ.
लायब्ररीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करणारा विद्यार्थी डेव्हन दुपारी माझ्या टेबलापाशी आला. आठ काळी मुलं मिळून त्यांच्या फ्रॅटर्निटीची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनेची, शाखा काढताहेत. गोऱ्यांच्या अशा शाखांना कॅम्पसवर स्वतःची घरं आहेत, यांना साधी सही मिळेना. स्टाफपैकी एक सल्लागार लागतो. तिघांनी नाही म्हटलं. "सर, तुम्ही निदान ऐकून तरी घेता." विचार करतो म्हटलं. घाबरट माणसाचं ठरलेलं उत्तर.

७ फेब्रु., शनि.
शेजारच्या ट्रॉय गावी श्रीरंगकडे पॉटलक, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. हे मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि विद्यापीठात अशा संघटनांना मान्यता देणाऱ्या समितीवरही हेच. पुरणपोळीवर तूप ओतून घेत म्हणाले, "अरे यार, ही काळी पोरं वेगळी फ्रॅटर्निटी मागतायत. ऑलरेडी क्लब आहेत ना? इथेही रिझर्व्हेशन सुरू." सगळे हसले.
आणि हे बोलणार कोण? 'आपल्यातल्या' लोकांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणारे! त्या ग्रुपात मीही आहे. वडिलांनी आडनाव टाकून गावाचं नाव लावलं, त्यावरून यांनी मला आपल्यातला धरला. अकरा वर्षं मी तो समज मोडला नाही. आज मीही हसलो. शी.

९ सोम.
सही केली. डेव्हनने हात असा काही हलवला की खांदा दुखतोय.
सीमा म्हणाली, "ग्रीन कार्ड अडकलंय. आपल्या आर्याच्या सगळ्या मैत्रिणी मंडळातल्या. कशाला अंगावर घेतोस?" बायकोचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त राग आला.

१२ गुरु.
सुनावणी. समितीत नऊ जण, समोर कोट-टाय घातलेली आठ मुलं. डीनबाई: सगळ्यांसाठी क्लब आहे, तो पुरत नाही का? डेव्हन शांतपणे म्हणाला, "तिथे आम्ही पाहुणे असतो." बाई काहीतरी लिहीत राहिल्या. बहुधा किराण्याची यादी.
मग श्रीरंग, गोड आवाजात, सगळ्यांसमोर इंग्रजीत: तुमचा यात काय संबंध? आपल्या समाजात असे भेद नसतात.
उभा राहिलो. म्हटलं, आम्ही दलित, आता बौद्ध. पुण्यात भाड्याने खोली मिळावी म्हणून माझ्या वडिलांनी आडनाव बदललं. तुमच्या ग्रुपात मी चुकून आहे.
श्रीरंग म्हणाले, "नाइस. थँक यू." नाइस म्हणे.

१४ शनि.
मतदान मंगळवारी. पाच मतं लागतात, डेव्हन तीन मोजतो. मी दोन.
ग्रुपमधून सकाळीच काढलं. ते ठीक. दुपारी श्रीरंगच्या बायकोचा सीमाला मेसेज: उद्याची मुलींची डान्स प्रॅक्टिस कॅन्सल. आर्याच्या मैत्रिणीला मात्र वेळेवर ये म्हणून सांगितलंय. एवढ्या शिकलेल्या लोकांना साधं खोटंही धड बोलता येत नाही.
आर्याने विचारलं, "बाबा, व्हाय ओन्ली मी?"
ग्रुप, आडनाव, पुण्याची खोली, तिला यातलं काहीच माहीत नाही. नऊ परक्यांना दोन मिनिटांत सांगितलं ते चौदा वर्षांच्या पोरीला कधी सांगितलं नाही. थांब, येतो म्हणालो. ती जिन्यावर बसून वाट बघतेय, आणि मी इथे श्रीरंगला नावं ठेवत बसलोय.