पान लाल झाले की कळवा

मखमलाबाद, नाशिक
१२ जानेवारी

श्री. बाळाजीराव यांस व्याही रंगनाथचा रामराम.

पाचगणीची थंडी, विहीणबाईंचे गुडघे आणि आमच्या सूनबाईंचा नववा महिना, तिन्ही सुखरूप असोत. या दिवसांत पत्र कसले, असे तुम्ही म्हणाल. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो (ऐकू कमी येते हे आता मान्य करा), आणि ही बातमी पूजाच्या कानी पडता कामा नये. तेव्हा पत्र एकट्याने वाचा. तुमच्याकडून आलेल्या जपानी मेपलवर मोठे संकट येऊन गेले. घाबरू नका, मी होतो.

लग्नानंतर पूजा ते रोप कुंडीत घेऊन आली, तेव्हापासून आम्ही त्याची बडदास्त ठेवतो आहोत. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात म्हणून शेडनेट बांधली, घरातला कूलर त्याच्यापुढे लावला, आणि आमची सौ. उज्वला त्याला वर्तमानपत्राने वारा घालत बसली. झाडाची ओळख तुम्हीच शिकवली होती: पाने समोरासमोर जोडीने, प्रत्येकाला बोटांसारखी पाच-सात टोके. मी रोज मोजायचो. शेजारच्या लताबाईंना मात्र ती अंबाडी वाटली आणि त्या भाजीपुरता पाला मागायला पातेले घेऊनच आल्या. अंबाडीची पाने अशी जोडीने नसतात, हे मी कुंडीजवळ उभे करून त्यांना दाखवले. "पण आंबट तर असंल ना?" एवढेच त्या म्हणाल्या.

सातवा लागला तेव्हा माहेरी निघताना पूजाने एकच बजावले, "नाना, पान लाल व्हायला लागलं की मला लगेच कळवा." आता तीस वर्षे द्राक्षे केलेल्या माणसाला लाल पान म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एक तर लाल कोळीची कीड, नाही तर पोटॅश कमी. पोर किती शांतपणे सांगून गेली, याचेच मला कौतुक वाटले! तीन वर्षांत झाले नाही ते यंदा डिसेंबरात थंडी पडताच झाले. सोमवारी टोके, गुरुवारपर्यंत सगळे झाड कुंकवासारखे लाल. मला जेवण जाईना. पण अशा अवस्थेत कळवून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा? ठरवले, आपले आपणच निस्तरायचे.

कृषी केंद्रातल्या दीपकला फोटो दाखवला. त्याने पीक कोणते विचारले. मी म्हणालो, जपानी. त्याने डोके खाजवले आणि पोटॅशच दिले. फवारले, तरी लाली वाढतच गेली. मग बागेतला शेवटचा उपाय केला. एकेक लाल पान खुडले, पाटीभर झाले, ते बांधावर नेऊन जाळले (रोग पसरायला नको), द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीसारखी छाटणी केली आणि काड्यांवर कोंब फुटायची पेस्ट लावली. अठराव्या दिवशी पालवी! आज झाड हिरवेगार आहे. लताबाई पुन्हा पातेले घेऊन आल्या, यावरून काय ते समजा. पूजाला यातले काही बोलू नका, झाड बरे आहे एवढेच सांगा.

तुमचा,
रंगनाथ

ता.क. पाकीट चिकटवण्याआधी महेशने (तुमच्या जावयाने) पत्र वाचले आणि मोबाइलवर जपानातल्या लाल झाडांचे फोटो माझ्यापुढे धरले. मग कळले की लाल होणे हाच त्या झाडाचा मोठेपणा. जपानात लोक ते बघायला डबे बांधून जातात म्हणे. माहेरच्या अंगणात दिसते तसे एकदा सासरी दिसावे म्हणून पूजा तीन हिवाळे वाट पाहत होती. बाळाजीराव, मला फार वाईट वाटले. लेकीसारखी पोर, आणि तिचे माहेर मी पाटीत भरून जाळून आलो.

ता.क. २. तेव्हा वरची सूचना रद्द. तिला सांगायला हवे, पण मला धीर नाही. तुम्ही सांगा. तुमच्या झाडाचा फोटो आमचा म्हणून दाखवू नका (हे माझ्या मनात येऊन गेले), ती फांदी न फांदी ओळखते. उज्वलाने एक पान गॅसच्या पुस्तकात जपून ठेवले होते, ते सोबत पाठवतो. ते पूजाच्या हातात द्या. सात टोके आहेत, मोजून घ्या.

ता.क. ३. पत्र टाकायला निघालो तर नव्या पालवीची टोके तांबूस दिसली. फवारणीचा पंप लताबाईंकडे ठेवायला दिला आहे आणि दोन्ही हात खिशात घातले आहेत. काय ते लवकर कळवा, हात तिथे फार दिवस राहायचे नाहीत.