ठराव क्रमांक चारला माझा विरोध

१२ जानेवारी
ग्रामपंचायतीची नोटीस आली. २६ तारखेला ग्रामसभा. ठराव क्रमांक चार: नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा गावात बंद. ग्रामसेविका नम्रता मॅडम म्हणतात, हा मानवी हक्क आहे आणि तो जगात सगळीकडे सारखाच.
मी विरोधात बोलणार. सातवी पास असलो तरी मुद्दा पक्का आहे. फणस आमच्याकडे होतो, थंड देशात होत नाही. मग हक्क तेवढे सगळीकडे सारखे कसे? ज्या गावची त्या गावाला रीत. उद्यापासून रोज एक तास सराव.

१३ जानेवारी
सराव नाही. छातीत डाव्या बाजूला काहीतरी. डॉक्टर म्हणाले, गॅस. नवीन मुलगा आहे, त्याला काय कळतंय.

१४ जानेवारी, संक्रांत
बायका हळदीकुंकवाला आल्या. माझी धाकटी बहीण जानकी मागच्या पडवीत लाडू वळत बसली. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. सणाला पुढे येत नाही. तिला कोणी अडवत नाही, तीच येत नाही. हा पॉइंट भाषणात घेणे.

१६ जानेवारी
सावित्रीला भाषण वाचून दाखवलं. बायकोला समजलं म्हणजे गावाला समजलं. फणसापर्यंत पोचलो तर म्हणाली, "फणस हंय होता. भूक सगळीकडे लागता."
तिला मुद्दा समजला नाही.

१८ जानेवारी, दुपारी
छातीत पुन्हा. म्हणून सावित्रीला सहज विचारलं, मी गेलो तर सगळं रीतीप्रमाणे करशील ना? ती कालवणासाठी सुंगटं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बांगड्यो मी फोडूचंय नाय. आताच सांगान ठेवतंय."
मी म्हटलं, चव्वेचाळीस वर्षांचा संसार, लोक काय म्हणतील?
"तुमी बघूक येतलात काय?"
दुःख लपवायची तिची ही पद्धत आहे.

२१ जानेवारी
चहा कायमचा बंद. आज दोनदा झाला, कारण समोर आला.
भाषणाला उदाहरण हवं. जानकीचंच घेतो. तिच्या वेळी सगळं रीतीने झालं, कोणाची तक्रार नाही. माहेरची पांढरी साडी मीच कसालच्या बाजारातून आणली. दुकानदाराने विचारलं, काठ कुठला? म्हटलं, बिनकाठाची. श्रावण होता. पिशवी भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरून आणली. त्या दिवशी काही वाटलं नाही. आता लिहितानाही वाटत नाही. माणूस घट्ट पाहिजे.

२५ जानेवारी
भाषण पाठ. चष्मा सापडत नाही. तयारी पूर्ण.

२६ जानेवारी, संध्याकाळी
सभा शाळेत. मॅडमनी ठराव चार वाचला. सूचक कोण? सावित्रीने हात वर केला. मला वाटलं, पंखा लावायला सांगत असेल.
"अनुमोदक?"
मी उभा राहिलो. विरोधासाठी. फणसाने सुरुवात करणार, एवढ्यात बायकांच्या बाजूने जानकी बोलली. ती सभेला आली आहे हेच मला ठाऊक नव्हतं.
"दादा, साडी हाडताना रंग खंयचो व्हयो, माका इचारलंस काय रे?"
आवाज मोठा नव्हता. कोणी हसलं नाही.
मला उत्तर येत होतं. पिशवी शर्टात धरली होती, ते सांगायचं होतं. मी नुसता उभा. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली आणि लिहून घेतलं: अनुमोदक, भिकाजी. टाळ्या झाल्या. पुढचा ठराव गटाराचा होता.

२७ जानेवारी
नोंद दुरुस्त करायला सकाळीच पंचायतीत जाणार होतो. उन्हं फार. उद्या.
सावित्री आणि जानकी दोघी कसालला निघाल्या. जानकीला साडी घ्यायची आहे म्हणे. रंग तिचा तीच बघणार. पायरी उतरताना ती वळली.
"दादा, बाजारातसून तुका काय हाडू?"
मला हे कोणी विचारलेलं आठवेना. ती उभी राहिली होती.
गॅसच्या गोळ्या, म्हटलं.